पाण्याखालचे अंगण

कोकणात उतरण्यासाठी आम्ही चौघे मित्र इंदापुराहून निघालो, तेव्हा पळसदेवला थांबण्याचे मुळीच ठरले नव्हते. परंतु उन्हाळ्याने उजनीचे पाणी ओसरले होते आणि १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयात बुडालेले पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले होते. आम्ही होडीत बसलो. "काय हे सौंदर्य!" आमच्यातील एकजण उद्गारला. वल्हे मारणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमचं अंगण हितंच, खाली हाय." त्यानंतर कोणी बोलले नाही.

पुढे बारामती, भोर मागे पडले. वरंधा घाटातील कडे पाहिले, हरिहरेश्वरचा समुद्र पाहिला. तेथे मन निःशंकपणे रमले. मग उजनीच्या काठीच ते का संकोचले? दुसऱ्याच्या विस्थापनातून निर्माण झालेल्या देखाव्याचा आनंद घेणे हा अपराध आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भिगवणला उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना कोण अपराधी म्हणेल? पण पक्ष्याला त्या अंगणाची वार्ता नसते. आम्हांस ती सांगितली गेली होती. शिवाय त्याच पाण्यावर पिकणाऱ्या उसाची साखर आमच्याही चहात पडते, हे कसे नाकारावे?

परतताना आम्ही पुन्हा पळसदेवला थांबलो. खाली कोणाकोणाची घरे होती, असे त्या गृहस्थांना विचारले. अंधार पडेपर्यंत ते सांगत होते.