शनिवारची वारी

भाविकहो, नागपुरी नोकरी करणारी पुष्कळ मुले शनिवारी गाडी काढून गावी आईबापांस भेटावयास जातात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पुरा झाला. वाट सोपी झाली, चांगलेच झाले. पण वाट सरली म्हणजे भेट घडली असे नव्हे.

तैत्तिरीयोपनिषदात आचार्य शिष्यास चार देव सांगतात. आधी माता, मग पिता, मग आचार्य, शेवटी अतिथी. आता घरोघर काय दिसते? लेकच अतिथी होऊन येतो! माय गुडघे धरीत वडाभाताला लागते, बाप गाडीसाठी सावली शोधतो, आणि लेक फोन पाहात बसतो. चौथा देव पाटावर, पहिले दोन राबताहेत!

पुंडलिकाकडे पाहा. दारी प्रत्यक्ष पांडुरंग आला, तरी आईबापांच्या पायांवरचा हात त्याने काढला नाही. वीट टाकली, देव उभा राहिला. देव थांबला, मग फोन थांबणार नाही काय?

२००७ च्या कायद्याने आईबापांस मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. खर्च कायदा देववील. शेजारी बसणे कोण देववील?

तेव्हा एवढे करा. पाणी तुम्ही भरा, औषधे तपासा, आणि बापाने जुनीच गोष्ट काढली तर ‘ऐकली’ म्हणू नका. आम्ही वर्षानुवर्षे तेच आख्यान लावतो, ते ऐकताच ना?

रामकृष्ण हरि.