समोर म्हणजे कुठे?

औंढा नागनाथाचे देऊळ आणि कयाधूकाठचे नरसी, ज्याला परंपरा नामदेवांचे जन्मगाव मानते, ही दोन्ही ठिकाणे हिंगोली जिल्ह्यातच आहेत. औंढ्याशी जोडलेल्या दोन कथा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. एका कथेत देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजारी उठवतात आणि मागे जाऊन गायला सांगतात. नामदेव मागे जाऊन गाऊ लागतात, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करते. नंदी मागे आहे तो तेव्हापासून, असे सांगतात. दुसऱ्या कथेत विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले असतात. नामदेवांना ते म्हणतात, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवायला जातात तिथे पिंड उभी राहते. दोन्ही कथा एकच प्रश्न विचारतात: ‘समोर’ हे स्थान कोण ठरवते? माझे म्हणणे असे की दिशा ही वस्तूच्या अंगची नसते. ऐकणारा आणि वस्तू यांच्यातले ते नाते असते, आणि म्हणून पुढच्या-मागच्या जागेवर कुणाचीही मालकी सांगता येत नाही. याचा स्वच्छ पुरावा आज अनेक घरांच्या बैठकीत, टीव्हीखालच्या होम थिएटरच्या प्रोसेसरमध्ये सापडतो.

हवेतला ध्वनी म्हणजे दाबाची चढउतार. तो कुठून निघाला याची खूण त्यात कुठेही कोरलेली नसते. ती दोन कानांतल्या फरकातून आपण काढतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या एक हजारांशापेक्षाही कमी असतो, पण तेवढा पुरतो. उंच पट्टीच्या स्वरांना डोके आडवे येते आणि पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे दोन्ही धागे एकत्र मांडले. वर-खाली आणि पुढे-मागे हा भेद कानाच्या पाळीच्या वळणांमुळे उमजतो. प्रोसेसर नेमके हेच फरक हातात घेतो. दोन स्पीकरांतून सारखाच आवाज सोडला की तो त्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून आल्यासारखा वाटतो. एका बाजूचा जोर वाढवला की तो तिकडे सरकतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. हा हिशेब धरून प्रोसेसर जवळच्या स्पीकरला थोडे थांबवतो, म्हणजे सगळे आवाज खुर्चीपाशी एकाच वेळी पोचतात.

यातला सगळ्यात बोलका भाग जुन्या डॉल्बी सराउंडचा आहे. ही सोय १९८२ पासून घरांत आली. चित्रपटाचे डावे, मधले, उजवे आणि पाठीमागचे असे चार प्रवाह दोनच ट्रॅकमध्ये गुंफलेले असत. पाठीमागचा आवाज दोन्ही ट्रॅकमध्ये असे, पण एकमेकांच्या उलट: एकात लाट चढते तेव्हा दुसऱ्यात उतरते. डीकोडर एका ट्रॅकमधून दुसरा वजा करी. मधला संवाद दोन्हींत सारखा, म्हणून तो नाहीसा होई, आणि उलटा असलेला आवाज उरून मागच्या स्पीकरकडे जाई. पण वजाबाकी कधीच पुरती स्वच्छ नसते, थोडा संवाद मागे झिरपतोच. त्यावर उपाय म्हणून मागचा प्रवाह पंधरा ते तीस मिलिसेकंद मुद्दाम उशिरा सोडला जाई. हेल्मुट हास यांनी १९४९ साली अभ्यासलेला नियम इथे उपयोगी पडला: तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान पहिल्या येणाऱ्याची दिशा धरतो. दुसरा ऐकू येतो, आवाजात भर घालतो, पण त्याला स्वतःची जागा मिळत नाही. पुढच्याचे पुढेपण मागच्याला थांबवून राखलेले असते, आणि ते किती राखायचे हे यंत्र बनवणारा ठरवतो.

आपल्या दर्शनांना हा प्रश्न नवा नव्हता. न्याय-वैशेषिकांनी ध्वनी लाटांसारखा किंवा कदंबाच्या कळीसारखा सर्व बाजूंना पसरत कानापर्यंत येतो असे मानले. वसुबंधूसारख्या बौद्ध विचारवंतांनी डोळ्याप्रमाणे कानही विषयाला न भिडता जाणतो असे म्हटले. ध्वनी खरोखर कानात येऊन मगच कळत असेल तर तो ‘तिकडून’ आला हे कसे उमगते, ही अडचण या वादात उभी राहतेच. दोन कानांतल्या फरकाचा शोध हे त्याचे उत्तर आहे, आणि ते न्यायाच्या बाजूने झुकते. पण माझ्या दृष्टीने वैशेषिकांचे दुसरे मत अधिक मोलाचे आहे. त्यांच्या मते दिक् हे एकच, सर्वव्यापी द्रव्य. पूर्व-पश्चिम हे भेद सूर्याच्या संबंधासारख्या उपाधींमुळे पडतात. विसोबांचा प्रश्न या विचाराच्या किती जवळ उभा आहे! पाय हलवून देवापासून दूर जाता येत नाही, कारण ‘देवाची बाजू’ असे काही मुळात वेगळे काढलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. रिकाम्या हवेत माणूस बोलतो आहे अशी खात्री जर एक पेटी पटवून देऊ शकते, तर ‘देव सर्वत्र जाणवतो’ म्हणणाऱ्या भक्ताच्या साक्षीला काय किंमत? माझे उत्तर असे की त्या साक्षीला पुरावा म्हणून फार किंमत देऊच नये. जाणीव फसते, हे प्रोसेसर रोज दाखवतो. पण विसोबा जाणिवेची साक्ष काढतच नाहीत. ते उलट कसोटी घालतात, की नसलेली जागा दाखव. शिवाय भासाला आधार असतो. वीज काढली की मधला आवाजही जातो, कारण कंप खरे होते. आपली चूक फक्त त्यांच्या ठिकाणाबद्दल होती. ठिकाण चुकले म्हणून अस्तित्व खोटे ठरत नाही, आणि ते खरेही ठरत नाही. एवढेच सिद्ध होते की ‘कुठे’ आणि ‘आहे की नाही’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पुजाऱ्यांनी ते एक केले होते. देव समोर आहे, म्हणून मागचा माणूस देवापासून तुटला, असे त्यांनी धरले.

दुसरा आक्षेप श्रद्धावानांचा. देऊळ फिरले या घटनेला ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवणे म्हणजे चमत्काराची वाफ करणे नव्हे का? दगड हलले का, हे मला ठरवायचे नाही. देऊळ फिरल्याची गोष्ट नामदेवांच्या नावावरच्या पदांत आहे आणि ती पदे १६०४ साली संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात आहेत. म्हणजे ही कथा औंढ्यापासून पंजाबपर्यंत जुन्या काळीच पोचली होती. त्या पदांत नामदेवांना हाकलण्याचे कारण स्पष्ट आहे: ते जातीने शिंपी होते. कथेचा भार दगडापेक्षा या कारणावर आहे. मागे पाठवणे ही दिशेची सोय नव्हती, ती पायरी दाखवण्याची रीत होती. चमत्कार मानणाऱ्यालाही हे कबूल करावे लागेल की देवळाने पुजाऱ्यांची दिशा नाकारली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. दिशा इतकी गौण असेल तर देऊळ तरी कशाला, आणि नरसीला जायचे कशाला? इथे यंत्राची मर्यादा उपयोगी पडते. २०१२ साली डॉल्बी अ‍ॅटमॉस आले तेव्हा आवाज ठरावीक स्पीकरशी बांधणे मागे पडले. हेलिकॉप्टरच्या आवाजासोबत ‘डावीकडे, वर, इतके पुढे’ असे निर्देशांक जातात, आणि त्या खोलीत जे स्पीकर असतील त्यांतून तो उभा करण्याचे काम प्रोसेसर करतो. स्पीकरपासून सुटलेला आवाजसुद्धा कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी भिंतींतच ऐकावा लागतो. देहाला पुढची आणि मागची बाजू असते, म्हणून त्याला उभे राहायला गाभारा लागतो. परंपरा सांगते की विसोबांकडून बोध मिळाल्यावरही नामदेव पंढरीच्या विठ्ठलालाच गात राहिले. जागेचा उपयोग आणि जागेची मक्तेदारी यांत फरक आहे. होम थिएटरची मापे माइक लावून एकाच खुर्चीसाठी घेतली, तर कडेच्या माणसाला संवाद जवळच्या स्पीकरकडे ओढलेला ऐकू येतो. तो दोष त्या माणसाच्या कानांचा नाही. त्याच्या जागेवर माइक कधी ठेवलाच गेला नव्हता.