छायाचित्राची साक्ष
अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगराळ प्रदेशाची जुनी छायाचित्रे सत्याविषयी एक प्रश्न उभा करतात: कॅमेऱ्यासमोर जे होते तेच दाखवणारे चित्र खरे असतेच का? लुईस हाइन यांनी १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात टिपलेली ‘ट्रॅपर’ मुले, म्हणजे कोळसाखाणीतील वायुवीजनाच्या दारांची अंधारात उघडझाप करणारे बालमजूर, बालमजुरीविरुद्धचा पुरावा ठरली. उलट छायाचित्रकार डोरिस उलमन यांनी पुढे या प्रदेशातील कित्येकांना वाडवडिलांचे कपडे घालायला लावून चरख्यापाशी बसवले, तरी त्यांचे राबलेले हात काही खोटे नव्हते. खोटेपणा असलाच तर तो काळाविषयीचा आहे. परंतु हयात माणसाला गतकाळाचा नमुना ठरवणे हा, निदान नीतिदृष्ट्या, क्षुल्लक दोष नव्हे, कारण १९२१ मध्ये ब्लेअर माउंटनवर संघटनेच्या हक्कासाठी बंदुका घेऊन उभे राहिलेले खाणकामगारही याच डोंगरांतले होते.