बिदागीविना दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट सांगणारे बहुधा आगगाडीच्या डब्यातच थांबतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना भेटलेला गोरा सहप्रवासी, त्याने हाती दिलेला नवा करार, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचे भाकीत आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला बाप्तिस्मा. या घटनाक्रमात नाट्य आहेच. त्यामुळे पुढची चोवीस वर्षे त्याचे शेपूट वाटू लागतात, आणि त्यातही शेवटची दोन, म्हणजे साताऱ्यातली, अगदीच किरकोळ. मला हा क्रम उलटा लावावासा वाटतो. टिळक ख्रिस्ती झाले ते मुंबईत. पण ज्या अर्थाने आपल्याकडे एखाद्याला उपदेशाचा अधिकार आहे असे लोक मानतात, त्या अर्थाने ते उपदेशक झाले १९१७ नंतर, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तेव्हा.

उपदेशकाला अधिकार कशाने येतो, याचे कृष्णाकाठचे उत्तर फार जुने आहे. समर्थ रामदासांचे चाफळ आणि सज्जनगड याच मुलखात. त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी मसूर, उंब्रज, शिंगणवाडी साताऱ्याकडे, तर बहे आणि शिराळा आजच्या सांगलीत. रामदासी भिक्षेवर जगे. वारकऱ्यांत तर कीर्तनाचे मोल घेणे हा दोषच मानला गेला. व्यवहारात बिदागी घेणारे बुवा तेव्हाही होते, आजही आहेत, पण लोकांच्या मनातली कसोटी तीच राहिली: हा माणूस बोलतो ते कुणाच्या अन्नावर? पुढे गाडगेबाबांनी एवढ्या धर्मशाळा उभ्या करून स्वतः कुणाचे गुरू व्हायचे नाकारले, तेही याच कसोटीला धरून होते.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना काही कमी नव्हते. ते शिकवत, लिहीत, 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन करीत. ओवी, अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत इतक्या सहजतेने आणणारा दुसरा माणूस शोधावा लागेल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. त्यांनी तुकोबांकडून छंद घेतला होता, पण छंदाबरोबर येणारे निःस्पृहतेचे बंधन मिशनच्या चाकरीत पाळता येण्याजोगे नव्हते. ख्रिस्ती माणसाकडे बोट दाखवून 'पोटासाठी बाटला' म्हणणाऱ्या समाजात पगारी उपदेशकाचे बोलणे ऐकण्याआधीच निकालात निघे. दरबाराची कल्पना या कोंडीतून निघाली. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. पगार सोडणे आणि मंडळीच्या नोंदवहीची अट सैल करणे या दोन गोष्टी मला एकाच निर्णयाच्या दोन बाजू वाटतात. किती माणसे मिळवली याचा हिशेब ज्याला कुणाला द्यायचा नाही, तोच बाप्तिस्म्याविना आलेल्याला आत बसवू शकतो.

यावर पहिली हरकत तांत्रिक आहे. टिळक दीक्षित पाळक होते, मग ते १९१७ नंतर उपदेशक झाले असे कसे म्हणायचे? दीक्षा त्यांनी टाकली नाही, मिशनशी वैरही धरले नाही. 'ज्ञानोदय' शेवटपर्यंत सांभाळला. पण दरबारात त्यांचे स्थान रेव्हरंडपणावर टिकणारे नव्हते. बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाला पाळकाच्या हुद्द्याचे काय?

दुसरी हरकत खरी जड आहे. पगारावर पाणी सोडायला आधी ऐपत लागते. टिळक चित्पावन, पंडित, नावाजलेले कवी. उपाशी राहिले तरी त्यांच्या शब्दाला वजन राहणार. नगर-साताऱ्याकडच्या महार-मांग घरांतून आलेल्या उपदेशकाचे तसे नव्हते. गावकीचे काम आणि त्याबरोबरची लाचारी सोडायची तर मिशनचे तुटपुंजे वेतन हाच त्याच्या पायाखालचा दगड होता. त्याने कुणाच्या अन्नावर बोलावे, हे विचारणाऱ्यांनी आधी त्याला कुणाच्या उष्ट्यावर जगवले ते आठवावे. शिवाय पैशाविना संस्था नाही. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले, ते परदेशातल्या मंडळ्यांच्या पाठबळावर. मिरजेला वैद्यकाची पंढरी म्हणतात त्याची सुरुवात तिथली. दरबाराने असे काय उभारले?

हे मी मान्य करतो आणि माझा दावा तेवढा आवरता घेतो. वेतन वाईट, असे म्हणण्याला अर्थ नाही. रुग्णालयाच्या वेतनाने विश्वासाला बट्टा लागत नाही, कारण रोगी बरा झाला की नाही हे कुणालाही दिसते. उपदेशाला मात्र असा दिसणारा पुरावा नसतो. ऐकणाऱ्यापाशी तपासायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः काय पणाला लावले. दलित उपदेशकाने गाव सोडतानाच ते लावलेले असे; टिळकांना ते पंचावन्नाव्या वर्षी लावावे लागले. त्यांचा त्याग मोठा असे मी म्हणत नाही, उशिराचा होता एवढेच म्हणतो.

आणि तो एकट्याचा नव्हता. घरात पैसा येवो न येवो, चूल पत्नी लक्ष्मीबाईंनाच पेटवायची होती. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना टिळकांच्या उदारपणाचे हसू येते आणि त्यामागून लक्ष्मीबाईंच्या ओढाताणीची जाणीव होते. ध्येयवादी पुरुषांच्या चरित्रांत ही बाकी सहसा लिहिली जात नाही. इथे ती बायकोनेच लिहून ठेवली, तीही तक्रारीचा सूर न लावता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्याला अपयश म्हणायला हरकत नाही. तरी जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे चरित्र प्रसिद्ध केले, हा निव्वळ योगायोग नसावा. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य मात्र अपुरेच राहिले होते. ते पुढे लिहिले लक्ष्मीबाईंनी, ज्यांच्यापाशी शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, पाळकाची दीक्षाही नव्हती.