फ्रेटचा धातू आणि उपाधीचा प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या पडद्यांचेच हे काम. मात्र पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येण्याजोगे असतात, तर फ्रेट लाकडात कापलेल्या खाचेत ठोकून पक्के केलेले असतात. बोटाने तार दाबली की ती फ्रेटच्या माथ्याला टेकते आणि तेथून घोडीपर्यंतचा भाग कंप पावतो. या पट्ट्या निकेलच्या असाव्यात की स्टेनलेस स्टीलच्या, हा वादकांमधील वाद वरवर पाहता नादाविषयीचा आहे. परंतु दोन्ही पक्षांची विधाने तपासू लागल्यास तो अनुमान आणि द्रव्य यांविषयीच्या जुन्या प्रश्नांपाशी येऊन ठेपतो.

वादातील पहिले नावच फसवे आहे. ज्याला ‘निकेल’ म्हटले जाते तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू असून त्यात निकेल बहुधा 18 टक्क्यांच्या आसपास असते. त्याला निकेल सिल्व्हर किंवा जर्मन सिल्व्हर असेही म्हणतात, आणि चांदी तर त्यात मुळीच नसते. (मराठी घरांत ‘जर्मन’ हा शब्द ॲल्युमिनियमच्या भांड्यांना चिकटला, हा या नामभ्रमाचा आणखी एक पदर.) स्टेनलेस स्टील हे क्रोमियमयुक्त पोलाद, 1913 मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी केलेल्या कामापासून त्याचा इतिहास सांगितला जातो, पण गिटारवर ते फार उशिरा आले, आणि 1993 मध्ये बाजारात आलेली पार्कर फ्लाय ही गिटार त्याचे एक ठळक आरंभीचे उदाहरण होय. फ्रेटसाठी वापरले जाणारे स्टेनलेस स्टील निकेल सिल्व्हरपेक्षा सुमारे दीडपट कठीण असते. गिटारच्या तारा पोलादी असल्यामुळे निकेल सिल्व्हरचा फ्रेट त्यांच्यापुढे झिजतो, त्यावर खळगे पडतात, कारागीर तो घासून पातळीत आणतो आणि माथ्याला पुन्हा गोलाई देतो, व काही वर्षांनी तो उपटून नवा बसवावा लागतो.

पोलादी फ्रेटमुळे नाद अधिक उजळ, किंबहुना कर्कश होतो, असे पुष्कळ वादक सांगतात. नैयायिकांच्या परिभाषेत ही एक व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींच्या नियत साहचर्याचे विधान आहे: जेथे पोलादी फ्रेट तेथे उजळ नाद. अशा विधानांतील दोष शोधण्यासाठी न्यायदर्शनाने, विशेषतः नव्यन्यायाने, ‘उपाधी’ या संकल्पनेचा बारकाईने विचार केला. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे विधान खोटे ठरते, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर अग्नीवर नव्हे, तर अग्नीशी झालेल्या ओल्या इंधनाच्या संयोगावर अवलंबून असतो, आणि हा लपलेला संयोग म्हणजे उपाधी. फ्रेटच्या बाबतीत अशी उपाधी उघड दिसते. फ्रेट बदलण्याचा प्रसंग बहुधा जुने फ्रेट झिजल्यावरच येतो. तेव्हा ज्याची तुलना केली जाते ते निकेल आणि पोलाद नसून झिजलेला सपाट माथा आणि नुकताच गोल केलेला माथा हे असतात, शिवाय त्याच वेळी ताराही नव्या चढतात. नवा माथा निकेलचा असला तरी नाद उजळतो. गंमत अशी की, निकेलमध्ये ही उपाधी धातूपासून थोड्याच काळात वेगळी होते, परंतु पोलादाचा नवेपणा वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे तेथे ती हेतूला, म्हणजे पोलादाला, चिकटून राहते आणि चूक उघडकीस यायला फार वेळ लागतो.

व्यतिरेकाची, म्हणजे कारण नसताना कार्यही नसते का हे पाहण्याची, कसोटी येथे सोपी आहे. मोकळी तार कोणत्याच फ्रेटला टेकत नाही. तिच्या नादातही ज्याला पोलाद ऐकू येते त्याच्या प्रत्यक्षाबद्दल शंका घेणे योग्य ठरेल. दाबलेल्या तारेत सूक्ष्म फरक पडतच नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. पण तार आडवी खेचताना गुळगुळीत पोलादावरून ती किती सहज सरकते याचे ज्ञान बोटांना निःसंशय होते, आणि त्वचेचे हे प्रत्यक्ष अनेकदा कानाच्या नावावर खपवले जाते.

द्रव्याचा प्रश्न याहून खोल आहे. फ्रेट बदललेली गिटार तीच राहते का? वैशेषिकांच्या मते अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा निर्माण होतो. जैन आचार्य समंतभद्र यांनी ‘आप्तमीमांसे’त सोन्याच्या घटाचा दृष्टांत दिला आहे: घट मोडून मुकुट केला असता घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि सोने हवे असणारा मध्यस्थ राहतो, म्हणून उत्पत्ती, विनाश आणि स्थैर्य ही तिन्ही एकाच वस्तूत एकत्र नांदतात. जुन्या गिटारचा संग्राहक मूळ फ्रेट गेल्याने हळहळतो आणि वादक सुखावतो, इथवर हा दृष्टांत लागू पडतो. तिसऱ्या माणसापाशी मात्र तो उलटतो. घटात द्रव्य टिकते आणि आकार बदलतो. येथे द्रव्य बदलते आणि टिकते ते प्रमाण. प्रत्येक फ्रेटचे स्थान उरलेल्या तारेच्या लांबीला सुमारे 17.817 ने भागून ठरते, म्हणून 648 मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट सुमारे 36 मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर अर्ध्यावर येतो, मग त्या खाचेत कोणताही धातू बसो.

तरीही हे प्रमाण धातूपासून पुरते मोकळे नाही. माथा झिजून सपाट झाला की तार त्याच्या मध्याऐवजी घोडीकडील कडेवरून सुटते, कंप पावणारी लांबी किंचित घटते आणि स्वर चढतो. गणिताने ठरवलेले स्थान धातूच्या झिजेने सरकते. पोलादाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद नादाचा नसून हाच आहे, आणि तो क्वचितच मांडला जातो.

निकेलचे समर्थक याला भावनेने उत्तर देतात: फ्रेटवरील खळग्यांत वादकाच्या हाताची स्मृती असते. वैशेषिकांनी संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले असून स्मृतीला कारण होणारी भावना केवळ आत्म्यात राहते, असे ते सांगतात. त्यांच्या लेखी खळगा म्हणजे धातूच्या कणांचा विभाग, त्याहून अधिक काही नाही. तथापि त्या खळग्यांशी जुळवून घेत वर्षे काढलेल्या बोटांचा दाब बदललेला असतो, आणि नवे फ्रेट बसल्यावर काही दिवस ती बोटे पूर्वीच्याच दाबाने पडत राहतात.