शेवटी उघडलेली पहिली इयत्ता

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि त्या पुन्हा उघडण्याचा क्रम जेव्हा ठरू लागला, तेव्हा तो वरच्या इयत्तांकडून खालच्या इयत्तांकडे असा ठरला. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग अनेक ठिकाणी सुरू झाले. दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. त्यानंतर जुलैमध्ये कोरोनामुक्त गावांतील आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे आणि शहरांतील आठवीपासूनचे वर्ग, आणि सर्वांत शेवटी १ डिसेंबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पहिली ते चौथी व शहरांतील पहिली ते सातवी यांची पाळी आली. मुंबई आणि पुण्यात त्यालाही आणखी पंधरवडा लागला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल प्रत्यक्ष वर्गात येऊन बसले तेव्हा ते पटावर दुसरीत होते, आणि महामारीपूर्वी दुसरीत शिकणारे मूल मधली सगळी तिसरी घरी घालवून चौथीत दाखल झाले. हा क्रम ठरवणाऱ्यांच्या मनात लहानग्यांविषयी काळजीच होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रोगाचे स्वरूप आणि शिक्षणाची गरज या दोन्हींनी जो क्रम सुचवला होता, त्याच्या तो नेमका उलटा होता.

मूल जितके लहान तितके ते नाजूक, हा अनुभव गोवर, घटसर्प, हगवण यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेला असल्यामुळे नव्या रोगालाही तोच नियम लागू असेल असे वाटणे स्वाभाविक होते. कोविडने मात्र हा नियम मोडला. त्याची तीव्रता वयाबरोबर चढत जाते, हे २०२० च्या पूर्वार्धातच अनेक देशांच्या आकडेवारीतून दिसू लागले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी २० जुलै २०२१ रोजी जाहीरपणे सांगितले की, विषाणू ज्या प्रथिनांना धरून पेशीत शिरतो ती ‘एसीई-२’ नावाची ग्राहक प्रथिने लहान मुलांमध्ये कमी असतात, त्यामुळे शाळा उघडायच्या झाल्यास माध्यमिकच्या आधी प्राथमिक शाळा उघडणे शहाणपणाचे ठरेल. मात्र शिक्षकांपासून बसचालकापर्यंत शाळेतील सर्व प्रौढांचे लसीकरण आधी व्हावे, असेही त्यांनी सांगितले. त्याच वेळी चौथ्या राष्ट्रीय रक्तद्रव सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तात विशिष्ट रोगाविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात का, हे तपासून किती लोकांना तो रोग नकळत होऊन गेला याचा अंदाज अशा सर्वेक्षणातून बांधला जातो. सहा ते नऊ वर्षे वयोगटातील ५७.२ टक्के मुलांमध्ये ही प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शाळा जवळजवळ सव्वा वर्ष बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोहोचला होता, आणि तो घरातून, वस्तीतून व नातेवाइकांतूनच पोहोचला असला पाहिजे.

याचा अर्थ धोका नव्हताच असा नव्हे. काही मुलांना संसर्गानंतर काही आठवड्यांनी हृदय, आतडी, त्वचा अशा अनेक अवयवांना एकाच वेळी दाह होण्याचा विकार जडला. तो विरळा असला तरी गंभीर होता आणि बालरोगतज्ज्ञांनी त्याची धास्ती घेणे योग्यच होते. शिवाय आजी-आजोबांसह दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबात मुलाचा सौम्य आजार वृद्धाचा प्राणघातक आजार होऊ शकतो. पण या दोन्ही धोक्यांवर इलाज होता तो प्रौढांच्या लसीकरणाचा आणि गावातील साथीवर नजर ठेवण्याचा. मुलांचे लसीकरण होईपर्यंत थांबावे, हा आग्रह २०२१ च्या मध्यात ठिकठिकाणी ऐकू येत होता. तो पाळला असता तर प्राथमिक शाळा साथ ओसरेपर्यंत उघडल्याच नसत्या, कारण भारताच्या राष्ट्रीय मोहिमेत बारा वर्षांखालील मुलांना ही लस कधी दिलीच गेली नाही.

शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर हा उलटा क्रम अधिकच खटकतो. दहावीतील विद्यार्थ्याला वाचता येते. पुस्तक हातात असेल आणि अधूनमधून शंका विचारता आली, तर तो अडखळत का होईना पुढे जातो. पहिलीतील मुलाच्या बाबतीत शिकणे म्हणजेच कोणाच्या तरी शेजारी बसणे असते. ‘क’ उच्चारताना बाईंच्या ओठांकडे पाहणे, पेन्सिल धरलेली बोटे कोणीतरी हाताने सरळ करणे, काना कुठे द्यायचा हे शेजारच्या पाटीवर पाहून कळणे, मणी मोजताना हात थांबला तर तेवढ्यात कोणीतरी ओळखणे, हे सगळे पडद्यातून होत नाही. शिक्षण विभागाने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालवली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, असंख्य शिक्षकांनी ओट्यावर, देवळात, झाडाखाली पाच-पाच मुलांना बसवून शिकवले. या खटपटीमागचे प्रेम निर्विवाद होते. तरीही ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत असल्याचे आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नसल्याचे आढळले. पुढे ‘असर २०२२’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरलेले दिसले. २०१८ चा आकडाही अभिमान वाटावा असा नव्हता. साथीने त्याला आणखी खाली ढकलले.

डेन्मार्कने हाच प्रश्न नेमका उलट्या टोकाकडून हाती घेतला. तेथे १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे युरोपातील बहुतेक देश अजून टाळेबंदीत असताना, सर्वांत आधी पाळणाघरे, बालवाड्या आणि पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले. लहान मुले घरी असली की आई-वडिलांना काम करता येत नाही, हेही त्यामागचे एक कारण होते. आपल्या मुलावर प्रयोग होऊ देणार नाही, अशी भूमिका घेणाऱ्या पालकांची मोहीमही तेथे उभी राहिली. शाळांनी वर्गांचे लहान गट पाडले. एका गटातील मुले त्याच गटासोबत बसत, खेळत आणि जेवत. बाके दूर सरकवली गेली, हात धुण्याच्या वेळा बांधल्या गेल्या, पालकांना फाटकाबाहेर थांबवले गेले, आणि थंडी असतानाही होईल तितके शिकवणे मैदानात व बागेत नेले गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत देशातील रुग्णसंख्या वाढली नाही. साथ उताराला लागलेली असणे, रुग्ण शोधण्याची यंत्रणा सज्ज असणे आणि मुलांचे गट न मिसळणे या तिन्ही गोष्टी जुळून आल्यामुळे हे शक्य झाले. त्यातील एखादी गळली तर काय होते, हे महिन्याभरातच इस्रायलमध्ये दिसले. तेथे १७ मे रोजी शाळा पूर्ण क्षमतेने उघडल्या. पाठोपाठ उष्णतेची लाट आली, मुखपट्टीची सक्ती तीन दिवस शिथिल करण्यात आली, खिडक्या लावून वातानुकूलन यंत्रे सुरू झाली. जेरुसलेममधील एका माध्यमिक शाळेत पस्तीसहून अधिक मुले एका वर्गात बसत होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा चौरस मीटर जागा येत होती. त्या एका शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले.

या दोन देशांतील एक महत्त्वाचा फरक हवेचा होता. कोविडचा विषाणू बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांवर स्वार होऊन बंद खोलीत तासन्‌तास तरंगू शकतो. उघड्यावर तेच तुषार क्षणात विरळ होतात. या कणांना ‘एरोसोल’ म्हणतात, आणि त्यांचे महत्त्व जागतिक स्तरावर मान्य होण्यात बहुमोल वेळ गेला. तोवर शाळांसाठीच्या नियमावल्यांत जंतुनाशकाची फवारणी, बाके पुसणे आणि दारात तापमापक बंदूक धरणे यांवर भर राहिला. ताप नसलेला बाधित मुलगा त्या बंदुकीला कधीच सापडत नाही. त्याऐवजी आजारी मुलाने निःसंकोच घरी राहावे, हजेरी बुडाल्याची भीती त्याला किंवा त्याच्या आईला वाटू नये, एवढी एक सवय लावली असती तरी अधिक संरक्षण मिळाले असते. खोलीतील हवा पुरेशी खेळती आहे की नाही, हे मोजण्याची सोपी युक्तीही उपलब्ध होती: उच्छ्‌वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र. मोकळ्या हवेत हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते. वर्गात ते ८०० च्या वर जाऊ लागले की मुले एकमेकांची सोडलेली हवा पुन्हा आत घेत आहेत असे समजावे आणि खिडक्या उघडाव्यात, नाहीतर वर्ग व्हरांड्यात न्यावा.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेकडे यातील बहुतेक साधने आधीपासून होती. कौलारू किंवा पत्र्याची बैठी इमारत, समोरासमोर खिडक्या, पुढे व्हरांडा, मैदान, त्यात एखादे लिंबाचे झाड. चालत येणारी मुले. दोन शिक्षक आणि हजारो शाळांच्या बाबतीत वीसपेक्षाही कमी पट. डेन्मार्कला जे लहान स्थिर गट मुद्दाम घडवावे लागले, ते या शाळांत जन्मतःच होते. याउलट शहरातील बहुमजली शाळेत एका तुकडीत साठ मुले, अरुंद जिना, आणि त्याहून वाईट म्हणजे दाटीवाटीने भरलेली शाळेची रिक्षा किंवा व्हॅन. तेथे वर्गाइतकाच प्रवास धोक्याचा होता आणि तेथील प्रश्न खरोखर अवघड होता. दोन्हींना एकाच आदेशाच्या दोरीने बांधल्यामुळे वाडीवरच्या बारा मुलांच्या शाळेने महानगराच्या भीतीची किंमत मोजली. पावसाळ्यात व्हरांड्यात झड येते, मे महिन्यात पत्रा तापतो, हे खरे. पण दिवाळीनंतरचे चार महिने उघड्यावरच्या शाळेसाठी या प्रदेशाइतके अनुकूल हवामान जगात फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि २०२०-२१ चा तो संपूर्ण हिवाळा पहिली ते चौथीच्या मुलांसाठी वाया गेला.

निर्णय कोणत्या पातळीवर घ्यावा, याचे उत्तरही राज्याला सापडले होते. जुलै २०२१ मधील शासन निर्णयाने महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून शाळा सुरू करण्याची मुभा दिली. त्या समितीत तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. एका बाकावर एक मूल, वर्गात पंधरा-वीस मुले, गरजेनुसार सकाळ-दुपार अशी सत्रे, हे सारे त्यात होते. कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे ज्यांना दिवस मावळायच्या आत कळते, त्यांच्या हाती निर्णय देणारी ही रचना उत्तम होती. तिचा एकच दोष असा की ती आठवीपासून वर लागू होती. पुढच्याच महिन्यात, १७ ऑगस्टपासून आणखी वर्ग उघडण्याचा निर्णय राज्याच्या कोविड कृती दलाच्या आक्षेपानंतर थांबला, आणि त्याच पंधरवड्यात उपाहारगृहांच्या वेळा वाढल्या, लसीकरण पूर्ण झालेल्यांसाठी मॉल व लोकल गाड्या खुल्या झाल्या. उपाहारगृहाचा मालक, कामगार, ग्राहक आपली अडचण मंत्रालयापर्यंत पोहोचवू शकतात. सहा वर्षांच्या मुलाची संघटना नसते. त्याच्या वतीने शिक्षण हक्क कायदा बोलायला हवा होता, आणि त्या कायद्याने अमलात आणलेला मूलभूत अधिकार किती काळ आणि कोणत्या कारणाने स्थगित ठेवता येतो, याविषयी राज्याने स्वतःवर कोणतेही लेखी बंधन घालून घेतले नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत पुन्हा सरसकट बंदी आली. दोनच आठवड्यांत, २४ जानेवारीपासून, निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवून शाळा उघडल्या, आणि या वेळी पहिलीचे वर्गही बारावीच्या बरोबरीने सुरू होऊ शकले.

या अनुभवानंतर लहान शाळांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हवी होती. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले. पानशेत आणि तोरणमाळ येथील उदाहरणे त्यासाठी पुढे ठेवली गेली. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्रत्येक इयत्तेला शिक्षक आणि खेळायला पुरेसे सवंगडी मिळतात, हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. पण पाच-सहा वाड्यांची मुले एका बसमध्ये भरून एका इमारतीत आणण्याने साथीच्या काळात एका वाडीतील रुग्ण सहा वाड्यांची शाळा बंद पाडू शकतो, ही बाब त्या हिशेबात धरलेली नाही. वाडीवरची खोली पाडली नाही, तिच्या खिडक्या उघडता येतील अशा ठेवल्या, नळाला पाणी ठेवले आणि फिरता का होईना एक शिक्षक तिच्या नावावर राहू दिला, तर पुढच्या साथीत पहिलीचा वर्ग पंधरा दिवसांत परत भरू शकेल. आणि ही तरतूद प्रत्येक समूह शाळेच्या प्रस्तावात आजच लिहून घेता येण्याजोगी आहे.