पडद्यावरची आई आणि खरे अश्रू



सुलोचनाबाई लाटकर ४ जून २०२३ रोजी मुंबईत वारल्या. तो रविवार होता. पुढच्या रविवारी संडेस्कूलमध्ये एका मुलाने मला विचारले, "सर, आजी आठवडाभर डोळे पुसते आहे. पण त्या बाई तर सिनेमातल्या आई होत्या, खोट्या. मग आजी खरी का रडते?" वर्ग हसला. "मोठा झालास की कळेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाने देऊ नये असे ते उत्तर होते.

प्रश्न त्या मुलाचा असला तरी तो आपणां सर्वांचा आहे. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना आपले नावही ठाऊक नव्हते, अशा नटनट्यांच्या मृत्यूने आपले मन का हलते? आणि ते हलणे योग्य आहे काय? आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "नाटकी माणसांसाठी कसले अश्रू!"

मला असे वाटते की ते अश्रू खोटे नव्हेत. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. तो शोमरोनी, तो जखमी वाटसरू, तो उतारशाळेचा मालक, ही सारी प्रभूने सांगितलेल्या गोष्टीतली माणसे. तरी ती गोष्ट ऐकून किती खऱ्या जखमा बांधल्या गेल्या! गोष्टीतला माणूस कल्पित असला तरी त्याने जागवलेली दया कल्पित नसते. बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट गावी जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी 'वहिनीच्या बांगड्या' (१९५३), 'मोलकरीण' (१९६३) अशा चित्रपटांतून आणि पुढे कितीतरी हिंदी चित्रपटांतून वहिनी आणि आई उभी केली. ते पाहून घरी गेलेल्या एखाद्या मुलाने आपल्या आईला त्या रात्री उलट उत्तर दिले नसेल, तर ते न दिलेले उत्तर खरेच होते. त्या आजीचे अश्रू ही कृतज्ञता होती, आणि कृतज्ञतेची लाज धरण्याचे कारण नाही.

परंतु येथेच थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये अच्युत पोतदार वारले. 'थ्री इडियट्स' (२००९) मधील प्राध्यापक म्हणून त्यांना लहान मुलेही ओळखत. इंदूरला वाढलेला हा मनुष्य सैन्यात कॅप्टन होता, त्याने पुढे इंडियन ऑइलमध्ये अनेक वर्षे नोकरी केली आणि चाळिशी उलटल्यावर तो चित्रपटांत आला, हे आपल्यापैकी किती जणांना त्यांच्या हयातीत ठाऊक होते? मला तरी मृत्यूच्या बातमीतूनच कळले. चेहरा ओळखीचा, माणूस अनोळखी.

रवींद्र महाजनी यांची आठवण तर अधिक बोचणारी आहे. 'झुंज', 'देवता', 'मुंबईचा फौजदार' या चित्रपटांतला हा देखणा नायक बेळगावात जन्मलेला. सुलोचनाबाईंच्या पाठोपाठ, जुलै २०२३ मध्ये, तळेगाव दाभाड्याजवळ भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत आढळले. ते तेथे एकटेच राहत. दार तोडून आत गेल्यावर कळले की मृत्यू होऊन दोन-तीन दिवस लोटले असावेत. यात मी कोणाला दोष देत नाही. एकटे राहणे हे पाप नव्हे, आणि दुसऱ्याच्या घरातील गोष्टींचा न्याय करणे आपले काम नव्हे. परंतु लाखो लोकांना पाठ असलेला चेहरा, आणि तरी ते दार बंदच राहिले, हा विचार मनातून जात नाही.

ती बातमी वाचून मी हळहळलो. आणि त्याच वेळी मला आमच्या मंडळीतील एक वृद्ध बंधू आठवले. ते तिसऱ्या बाकावर बसत. कानांनी कमी ऐकू येई, म्हणून मोठ्याने बोलत, आणि तेच तेच किस्से सांगत. उपासना संपली की मी बाजूच्या दाराने निघून जात असे. पुढे ते दिसेनासे झाले. थंडीमुळे येत नसतील, असे मी धरून चाललो. पाच रविवार गेले आणि त्यांच्या दफनविधीची सूचना आली. पाळकसाहेबांनी कबरेपाशी त्यांचा जीवनवृत्तांत वाचला, तेव्हा कळले की ते रेल्वेत फिटर होते आणि आमच्या चर्चमधील मोडके बाक त्यांनीच एका उन्हाळ्यात एकट्याने दुरुस्त केले होते. त्याच बाकावर बसून मी वर्षानुवर्षे उपदेश ऐकला, आणि पुढे उभा राहून शेजारप्रीतीवर दिलाही.

नटावर प्रीती करणे सोपे असते. तो आपल्या घरी आजारी पडत नाही. तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगत नाही, उसने पैसे मागत नाही. कंटाळा आला तर आपण टीव्ही बंद करतो. शेजाऱ्याला असे बंद करता येत नाही, आणि म्हणूनच आपली परीक्षा त्याच्या दारात होते. पडद्यावरच्या एकट्या म्हातारीसाठी डोळे पुसून आपण गल्लीतल्या म्हातारीपुढून तसेच पुढे गेलो, तर दाखल्यातील याजकाहून आपण वेगळे कसे? तोही पाहूनच पुढे गेला होता.

तेव्हा आवडत्या कलावंतांची आठवण जरूर काढावी. त्यांचे चित्रपट मुलांना दाखवावेत, त्यांनी दिलेल्या आनंदाबद्दल देवाचे आभार मानावेत. मात्र त्यांचे ऋण आता त्यांना फेडता येणार नाही. ते फेडायचे तर जवळच्या जिवंत माणसाकडेच फेडावे लागेल.

संडेस्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हजेरी घेताना मुलांना एवढेच विचारा, "तुझ्या शेजारच्या घरात कोण एकटे राहते? त्यांचे नाव काय?" नाव ठाऊक नसेल तर पुढच्या रविवारी विचारून येऊ द्या.

त्या मुलाला मी माझे उत्तर पुढे दिले, पण उशिरा. म्हणालो, "तुझी आजी खरी रडली, कारण तिला काहीतरी खरे मिळाले होते." त्याने लगेच विचारले, "मग आता काय करायचे, सर?" या वेळी मी वेळ मारून नेली नाही. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघे मंडळीतील एका घरी जातो. तेथील आजोबा तोच किस्सा पुन्हा सांगतात. आम्ही बसून ऐकतो.